लंडनमधील एका घराची खरेदी

चांदा, म्हणजे आजचें चंद्रपूर, येथें १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धम्मदीक्षा दिली. त्या भूमीस लंडनमधील एका घराची हकीकत परकी वाटूं नये. अर्थशास्त्र व कायदा यांच्या अध्ययनासाठीं बाबासाहेब १९२१-२२ मध्यें किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरांत राहिले, तें महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं विकत घेतलें. खरेदी झाली, परंतु काम संपलें नाहीं. इंग्लंडांत राहत्या घराचें संग्रहालय करण्यास मालकालाहि परवानगी लागते. कॅम्डेन कौन्सिलनें ती नाकारली. त्यावर अपील झालें, रीतसर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्यें ब्रिटिश मंत्र्यांनीं परवानगी दिली. परदेशांत द्रव्यानें घर मिळतें. त्याचा उपयोग मात्र कायदा ठरवितो. कायद्याच्या विद्यार्थ्याचें घर कायद्याच्याच मार्गानें स्मारक झालें, हें उचितच होय.