बिशपांचा खुर्दा

राव्हेनाच्या आर्चबिशपांचे एक नाणे आधी हातात घ्या. नखाएवढे, वजनाला एक ग्रॅमही न भरणारे, काळपट तांबूस. भिंगाखाली धरले की कडेने लॅटिन अक्षरे उमटू लागतात: आर्किएपिस्को... आणि जागा संपते. ठसा कोरणाऱ्याने शब्दाची उरलेली तीन रोमन अक्षरे, 'पुस', सरळ मधोमध बसवली आहेत. मागे क्रूस आणि राव्हेनाचे नाव. पद लिहिले आहे. कोणता आर्चबिशप, ते नाही.

मध्ययुगीन इटलीच्या नाण्यांकडे वळणारा अभ्यासक बहुधा फ्लॉरेन्सच्या सोन्याच्या फ्लोरिनपाशीच रमतो. माझा आग्रह वेगळा आहे. सुरुवात या खुर्द्यापासून करावी. पाव, भाजी, मेणबत्ती यांचा व्यवहार ज्याने चालला, ते नाणे हे.

बिशपाकडे टाकसाळ आली कशी? नाणी पाडण्याचा हक्क मुळात सम्राटाचा. उदाहरणार्थ, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने तो ११८२ मध्ये इटलीतल्याच ट्रेंटोच्या बिशपाला दिला. ट्रेंटोजवळच्या डोंगरात चांदीच्या खाणी होत्या. तिथल्या खाणकामाचे नियमही पुढे बिशपानेच घालून दिले.

राव्हेनाच्या त्या नाण्याचे नाव देनारो. आपल्या ओळखीचा दिनार आणि हा देनारो एकाच रोमन देनारियुसचे वंशज. बारा देनारोंचा एक सोल्दो, वीस सोल्दींची एक लिरा. आज तांब्याचा वाटणारा हा तुकडा मुळात चांदीचा. तांब्याची भर घालत घालत त्याची ही गत झाली. त्याला एकट्या टाकसाळवाल्याची लबाडी कारण नाही. एक मोठे नाणे पाडायला जेवढे हात लागतात, जवळजवळ तेवढेच या चिमुकल्यालाही लागतात. म्हणजे एका सोल्दोच्या सुट्यासाठी बारा वेळा हातोडा मारायचा. ती मजुरी भरून काढायला चांदी कमी करण्यावाचून फारसा इलाज नव्हता. आर्थिक इतिहासाचा अभ्यासक कार्लो चिपोल्ला याने सुट्या पैशांच्या या प्रश्नाला मोठा प्रश्न म्हटले, ते योग्यच होते.

इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने नाण्यांच्या सूचीचे वीस खंड १९१० ते १९४३ या काळात छापून घेतले. ते जरूर चाळा, पण त्याआधी दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घ्या आणि झिजलेल्या नाण्यावरचे एक तरी अक्षर स्वतः वाचा.