अरुंद जिन्याचा इतिहास

पोटमाळ्यासाठी जिना निवडताना आपण जागा मोजतो. तो रोज कोण चढणार, हे क्वचितच विचारतो. थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियातील 'मॉन्टिचेलो' या आपल्या घराची पुनर्रचना १७९६ मध्ये आरंभिली. भव्य जिना म्हणजे जागेचा व पैशाचा अपव्यय, असे मानून त्यांनी दर्शनी दालनापासून दूर, अवघे २४ इंच रुंद आणि उभ्या चढणीचे दोन जिने बांधविले. स्वतःचे शयनगृह व ग्रंथालय मात्र तळमजल्यावरच ठेवले. वर कन्या व नातवंडे राहत. त्यांच्यासाठी ओझी वाहणारे गुलामही हेच जिने चढत. घुमटाखालची देखणी खोली तर फारशी वापरातच आली नाही. वास्तूच्या इतिहासात वाचलेल्या जागेबरोबर हे श्रमही मोजले जावेत, असे आम्हांस वाटते.