कर्करोग शस्त्रक्रियेनंतर आरोग्यविमा
कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची जखम भरून येण्याआधीच रुग्णाला दुसरी चिंता ग्रासते: पुढील केमोथेरपीचा खर्च विमा कंपनी देईल काय? यापूर्वी दावा केला, एवढ्याच कारणावरून कंपनीला पॉलिसीचे नूतनीकरण नाकारता येत नाही. मात्र हप्ता चुकता कामा नये. या आजारानंतर नवी पॉलिसी मिळणे दुष्कर असते. वार्षिक हप्त्यास ३० दिवसांची वाढीव मुदत असते. २०२४ च्या नियमांनुसार विमा सलग ६० महिने चालू असल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. दावा नाकारल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास मुंबई वा पुणे येथील विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.