मणी आणि दोरा

ऑक्टोबर महिना आला की आपल्या घराघरांतून जपमाळेची प्रार्थना सुरू होते. दिवेलागणीला कुटुंबातील लहानथोर अल्तारासमोर गुडघे टेकतात, माळा हातात येतात आणि 'नमो मारिया'च्या लयीत एकेक मणी बोटांखालून सरकू लागतो. जपमाळेत ५९ मणी असतात. ५३ 'नमो मारिया'चे आणि ६ 'आमच्या बापा'चे. परंतु त्यांच्याकडे नुसते मणी म्हणून आम्ही आजवर कधी पाहिलेच नव्हते. मणी करावा, त्याला भोक पाडावे, तो दोऱ्यात ओवावा, ही कला माणूस केव्हा शिकला? या प्रश्नाचा मागोवा घेताना आमची दृष्टी रोमकडे वळण्यापूर्वी बुलढाणा जिल्ह्यातील धाड या गावाकडे वळली. वाचकांना याचे नवल वाटेल. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

धाड हे जिल्ह्याच्या सीमेवरचे गाव. निजामाचा अंमल होता तेव्हा या सीमेपलीकडील मुलखाला वऱ्हाडातील माणसे 'मोगलाई' म्हणत. पुढे आपल्या ख्रिस्तसभेच्या रचनेतही अशीच रेघ आखली गेली. अलीकडचे धाड १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात, तर पलीकडचे भोकरदन १९७७ साली निर्माण झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात. पण या साऱ्या रेघा अलीकडच्या. बुलढाण्याहून निघालेला रस्ता धाडवरून केळणा नदीकाठच्या भोकरदनला जातो. आणि सातवाहन राजांच्या काळी हेच भोकरदन 'भोगवर्धन' या नावाने दूरवर विख्यात होते. भारहुत आणि सांची येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो. एवढ्या लांब जाऊन दानधर्म करणारी माणसे ज्या गावात होती, ते गाव संपन्न असले पाहिजे.

ही संपन्नता मातीतून वर आली ती १९७३ साली. नागपूर विद्यापीठ आणि तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तेथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. खापरे, नाणी, हस्तिदंती वस्तू यांबरोबर तेथे मणी मिळाले. तांबडे, करडे, पट्ट्यापट्ट्यांचे दगडी मणी. काचेचे, शंखाचे आणि साध्या भाजलेल्या मातीचेही मणी.

भोगवर्धनची कीर्ती सातासमुद्रापार नेली ती मात्र एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीने. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन नगरात १९३८ साली सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक भारतीय मूर्ती सापडली. भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे इतके साम्य आहे की, ती याच परिसरात घडली असावी असे काही अभ्यासक मानतात. या मूर्तीच्या अंगावर वस्त्र जवळजवळ नाही. परंतु गळ्यात माळा, कमरेला मेखला, दंडांत व पायांत अलंकार अगदी ठासून भरलेले. ज्या कारागिराने ती कोरली, त्याने माळा ओवणारे हात रोज पाहिले असले पाहिजेत, असे आम्हास वाटते.

दगडाचा मणी करणे हे धीराचे काम. वऱ्हाड-मराठवाड्यातील काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोटी जन्म घेतात. अकीकाचा गोटा मंद आचेत भाजला म्हणजे त्यातील लोहामुळे त्याचा रंग खुलून तांबडा होतो. मग तो ठोकून आकाराला आणायचा, घासायचा आणि दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या सामत्याने त्याला आरपार छिद्र पाडायचे. गुजरातेतील खंभातच्या कारागिरांनी ही विद्या आमच्या काळापर्यंत जिवंत ठेवली आहे. सामत्याच्या टोकाला ते हिऱ्याच्या कणी बसवतात. छिद्र पाडताना मणी फुटला तर आधीची सारी मेहनत वाया.

असा मणी सर्वांना परवडणारा नव्हता. म्हणून काच पुढे आली. काच वितळवून तिला माणकाचा, पाचूचा, अकीकाचा रंग देता येई. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पातळ वर्ख बसवून सोन्यासारखे चमकणारे मणीही त्या काळी होत असत. म्हणजे ज्याला आपण 'खोटे दागिने' म्हणून नाक मुरडतो, त्यांची परंपरा दोन हजार वर्षांची आहे! राजस्त्रीच्या गळ्यातील माणिक श्रमिक स्त्रीच्या गळ्यात रंगीत काच होऊन आले. यात फसवणूक नव्हती, सौंदर्यावरचा हक्क होता. त्या कारागिराची आठवण आपल्या भाषेने एका शब्दात जपली आहे. गावोगाव बांगड्या विकणारा मन्यार किंवा मणियार हा मुळात संस्कृतातला 'मणिकार'.

या परंपरेची सर्वांत हृद्य साक्ष मात्र भोगवर्धनहूनही कितीतरी जुनी आहे. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. आणि नवल असे की, मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष टिकून होते. तांब्याच्या क्षारांनी तो दोरा कुजू दिला नाही. तपासणीत त्यात कापूस व रेशीम आढळले. त्या लेकराचे नाव, भाषा, देव यांपैकी काहीच आपणास ठाऊक नाही. तरीही कोणीतरी दोरा वळला, मणी ओवले आणि ती माळ काढून न घेता त्याच्याबरोबर मातीत ठेवली, एवढे निश्चित. शवपेटीत आपल्या माणसाच्या हातांभोवती जपमाळ गुंडाळणाऱ्या आपणा लोकांना त्या घरातील दुःख परके वाटू नये.

आता जपमाळेकडे येऊ. मठवासी १५० स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नसे ते भाविक त्याऐवजी १५० वेळा 'आमच्या बापा' म्हणत आणि मोजदादीसाठी गाठींची दोरी वा मणी वापरत. अकराव्या शतकात इंग्लंडमधील गोडायव्हा या उमराव स्त्रीने रत्ने दोऱ्यात ओवून त्यांवर प्रार्थना मोजल्या आणि मृत्युसमयी ती माळ कव्हेंट्री येथील पवित्र मरियेच्या मूर्तीच्या गळ्यात घालावी अशी इच्छा ठेवली, असे परंपरा सांगते. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा करणाऱ्यांचे वेगवेगळे संघच होते. हाडाच्या व शिंगाच्या माळांचे कारागीर निराळे, पोवळ्याच्या व शिंपल्याच्या माळांचे निराळे. पाचवे पायस यांनी १५६९ साली जपमाळेच्या प्रार्थनेला मान्यता दिली, तेरावे लिओ यांनी १८८३ साली ऑक्टोबर महिना तिला वाहिला आणि दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली तिच्यात प्रकाशाची रहस्ये घातली. इंग्रजी भाषेत तर मण्याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच 'प्रार्थना' असा आहे. तेथे प्रार्थनेने मण्याला नाव दिले!

हा सारा इतिहास आठवण्याचे कारण एवढेच की, मणीकामाला आपल्या घरांत 'रिकामपणचा उद्योग' म्हटले जाते. रुखवतासाठी मण्यांची तोरणे व महिरपी करणारी आई, मैत्रिणीसाठी काचमण्यांची माळ ओवणारी शाळकरी मुलगी, तुटलेली जपमाळ जुळवीत बसलेली आजी, यांच्या बोटांत जे कौशल्य आहे ते पुस्तकातून आलेले नाही. ते हातातून हातात आले आहे. आणि एका पिढीने हात आखडता घेतला की दोरा तुटतो. आज दहा-वीस रुपयांना प्लॅस्टिकची माळ मिळते. तिच्यावर केलेली प्रार्थना उणी ठरत नाही, हे खरे. पण आजीची माळ तुटली म्हणून ती टाकून नवी आणणारे घर काहीतरी गमावते, हेही तितकेच खरे.

मातीतल्या मण्यांचेही असेच आहे. जुन्या गावांच्या पांढरीत पहिला पाऊस पडून माती धुपली की मणी उघडे पडतात. मुले ते वेचतात, कोणी विकत घेतो, आणि कोणत्या गावचा मणी कोठे गेला याचा पत्ता राहत नाही. माळेतून निखळलेला मणी सुंदर असेल, पण मुका असतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावचे रामलिंगप्पा लामतुरे पदवीधर संशोधक नव्हते. गावच्या मातीतून निघणारी मूर्ती, नाणी, मणी असा एकेक अवशेष त्यांनी आस्थेने गोळा केला. त्यातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आज त्यांचे नाव धारण करून आहे. एका गृहस्थाने दोरा हाती धरला, म्हणून एका गावाचा इतिहास विखुरला नाही.

हे काम धाडच्या शेतकऱ्यास जमेल, तसे आपणासही जमेल. शेतात जुना मणी सापडला तर जागेची नोंद करून तो शिक्षकांच्या वा संग्रहालयाच्या हाती द्यावा. आणि या ऑक्टोबरात जपमाळ तुटली तर ती टाकू नये. घरातील मुलीला, आणि मुलालाही, आजीशेजारी बसवावे, सुई हाती द्यावी आणि मणी मोजून घ्यावेत. ५९ भरले पाहिजेत.