डंकेल्ड

स्कॉटलंडच्या पर्थशर परगण्यातील टे नदीच्या उत्तर तीरावरचा एक लहान कसबा. पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे २४ किमी. अंतरावर, सखल मुलूख मागे पडून हायलँड्सचे वृक्षाच्छादित डोंगर जेथे नदीला बिलगून उभे राहतात, तेथे तो वसला आहे. गेलिक भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘कॅलेडोनियन लोकांचा गड’ असा होतो. टे ही स्कॉटलंडमधील सर्वांत लांब नदी असून ब्रिटनमधील कोणत्याही नदीपेक्षा अधिक पाणी ती समुद्रास नेते. परंतु डंकेल्डपाशी ती इतक्या संथपणे वाहते की, तिच्या या थोरवीची कल्पना काठावर बसलेल्या माणसास सहसा येत नाही. या गावातील प्रेक्षणीय असे जे जे आहे, ते बहुधा कशाचा तरी उरलेला अंश आहे: अर्धे उरलेले मंदिर, जाळपोळीतून वाचलेली घरे, पाचांपैकी राहिलेला एक वृक्ष. गाव पाहावयाचे ते या दृष्टीने पाहावे.

नवव्या शतकाच्या मध्यास केनेथ मॅकॅल्पिन या राजाने संत कोलंबाचे काही अवशेष आयोना बेटावरून येथे आणविले, तेव्हापासून या स्थळास राज्यातील अग्रगण्य धर्मपीठाची प्रतिष्ठा लाभली. नदीकाठच्या हिरवळीवर उभ्या असलेल्या कॅथीड्रलचे बांधकाम १२६० पासून १५०१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच शतके चालले. आणि ते पुरे होऊन साठ वर्षे लोटली नाहीत तोच, १५६० च्या धर्मसुधारणेच्या लाटेत मूर्ती फोडल्या गेल्या व छप्पर गेले. वेदी असलेल्या पूर्वेकडील भागावर पुढे पुन्हा छत घालण्यात आले आणि तेथे आजही ग्रामस्थांची रविवारची उपासना चालते; पश्चिमेकडील भव्य सभामंडप मात्र अद्याप उघड्या आकाशाखाली आहे. एकाच भिंतीच्या अलीकडे प्रार्थना आणि पलीकडे स्तंभांच्या रांगांमध्ये उगवलेले गवत, असा हा योग फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळतो. मनोऱ्याच्या तळमजल्यावर पूर्वी बिशपची अदालत भरत असे, म्हणून तेथील भिंतीवर शलमोन राजाच्या न्यायनिवाड्याचे चित्र रेखाटलेले होते. त्याचे पुसट रंग अजून ओळखू येतात. महाकवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’चा स्कॉट्स भाषेत अनुवाद करणारा गॅव्हिन डग्लस हा पुढे याच पीठाचा बिशप झाला. येथेच, चिलखत घातलेल्या पाषाणमूर्तीखाली, ‘बॅडेनॉखचा लांडगा’ म्हणून कुविख्यात झालेला राजपुत्र अलेक्झांडर स्ट्यूअर्ट चिरविश्रांती घेत आहे. ज्याने १३९० मध्ये एल्गिनचे कॅथीड्रल जाळले, त्यास अखेर दुसऱ्या कॅथीड्रलने आसरा दिला.

गावावरील खरा प्रलय २१ ऑगस्ट १६८९ रोजी ओढवला. किलिक्रँकीच्या लढाईत विजयी होऊनही आपला सेनानी गमावलेले, पदच्युत राजा जेम्सच्या पक्षाचे जॅकोबाइट सैन्य डंकेल्डवर चालून आले. गावात तेव्हा विल्यम क्लेलंड या तरुण सरदाराच्या हाताखालील कॅमेरोनियन पलटण तेवढी होती. क्लेलंड लढाईच्या आरंभीच पडला, तथापि त्याची माणसे मागे हटली नाहीत. गोळ्या संपत आल्या तेव्हा त्यांनी छपराचे शिसे काढून नव्या ओतल्या, आणि ज्या घरांतून शत्रू मारा करीत होता त्या घरांनाच आग लावली. अखेर जॅकोबाइट माघारी गेले, परंतु गावात तीनच घरे शिल्लक होती. क्लेलंडची कबर त्या बिनछपराच्या सभामंडपातच आहे.

त्या राखेवर अठराव्या शतकात जी पांढऱ्या भिंतींची घरे उठली, त्यांना ‘लिटल हाउसेस’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ती पडीक होऊन जमीनदोस्त होण्याच्या बेतात असता नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने त्यांचा जीर्णोद्धार केला, आणि तोही माणसांना राहण्यासाठी केला, ही गोष्ट विशेष मानावी लागेल. चौकातील एका दुकानाच्या भिंतीवर लोखंडाची एक ‘एल’ जडविलेली आहे. ३७ इंचांचे, म्हणजे आपल्या वाराहून इंचभर लांब असे कापड मोजण्याचे हे माप. गिऱ्हाइकास फसवणुकीची शंका आल्यास त्याने त्यावर आपले कापड ताडून पाहावे, हा हेतू.

कॅथीड्रलच्या जवळच एक प्रचंड लार्च वृक्ष आहे. आल्प्स पर्वतातून आणलेली पाच रोपे १७३८ मध्ये येथे लावण्यात आली. त्यांपैकी हाच काय तो उरला आहे. अथॉलच्या ड्यूकांनी पुढे आपल्या जहागिरीतील उघड्या डोंगरांवर लक्षावधी लार्च लावले. ज्या कड्यांवर माणूस चढू शकत नव्हता तेथे तोफेतून बी डागले, असे लोक सांगतात.

टेवरील दगडी पूल थॉमस टेलफर्ड याने १८०९ मध्ये पुरा केला. तोवर नदी तरीवरून ओलांडावी लागे. पुलाचा बहुतेक खर्च ड्यूकने केल्यामुळे पथकराची वसुली त्याच्याकडे गेली. रेल्वेस्थानक पलीकडच्या बर्नममध्ये असल्याने पायी जाणाऱ्यासही नाक्यावर पैसे मोजल्यावाचून गत्यंतर नसे. १८६८ मध्ये लोकांनी नाक्याची फाटके उखडून नदीत फेकली, बंदोबस्तासाठी लष्कर आले. आणि अखेर १८७९ मध्ये हा कर उठला.

पूल ओलांडला की ‘मॅक्बेथ’मधले बर्नम. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे ज्यांना या शोकांतिकेची ओळख झाली, त्यांस चालून येणाऱ्या अरण्याचे भाकीत आठवेल. त्या प्राचीन अरण्याचा अवशेष मानला जाणारा एक पोकळ खोडाचा ओक नदीकाठी टेकू देऊन सांभाळलेला आहे. बीट्रिक्स पॉटर बालपणी या परिसरात उन्हाळे घालवीत असे. आणि १८९३ च्या सप्टेंबरात येथूनच एका आजारी मुलास लिहिलेल्या सचित्र पत्रात तिच्या प्रसिद्ध सशाचा, पीटरचा, जन्म झाला. नजीकच्या इन्व्हर खेड्यातील नील गौ (१७२७–१८०७) हा फिडलवादक ड्यूकच्या आश्रयास होता. इन्व्हरहून थोडे वर गेल्यास ब्रान नदीचा धबधबा आणि त्यावर १७५७ मध्ये बांधलेला ‘ऑसियन्स हॉल’ हा मंडप लागतो. त्याच्या भिंतींवर पुढे आरसे बसविण्यात आले, त्यांमुळे पाणी चहूबाजूंनी कोसळत असल्याचा भास होई.

गावाच्या ईशान्येस असलेले लॉख ऑफ द लोज हे सरोवर आता अभयारण्य आहे. मासे हे ज्याचे जवळजवळ एकमेव भक्ष्य, तो ऑस्प्रे पक्षी शिकारी आणि अंडी चोरणारे यांच्यापायी विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधून नामशेष झाला होता. १९५० नंतर तो आपण होऊन परतला, आणि पुढे या सरोवराकाठच्या झाडांवरही घरटी करू लागला. मार्चअखेरीस तो पश्चिम आफ्रिकेतून येतो व ऑगस्टच्या सुमारास, पिले उडू लागली की, निघून जातो. त्याला पाहू इच्छिणाऱ्याने आपला प्रवास या दोहोंच्या दरम्यान आखावा.