अँजिओटेन्सीन
रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडवून रक्तदाब वाढविणारे हॉर्मोन. वृक्कातील रेनीन या एंझाइमाची रक्तातील एका प्रथिनावर विक्रिया होऊन त्याचे पूर्वरूप बनते व मुख्यत्वे फुप्फुसांत ते क्रियाशील होते. अधिवृक्क ग्रंथीतून आल्डोस्टेरोन स्रवण्यास ते कारणीभूत होत असल्याने शरीरात लवण व पाणी साठते. रक्तस्रावात ही योजना प्राणरक्षक ठरते. परंतु तिचा अतिरेक कायम राहिल्यास हृदयाचे डावे निलय जाड होते व वृक्कांची हानी होते.

रेनिनाचा शोध टिगरस्टेट व बेरिमान यांनी १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे लावला, पण त्याची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही. गोल्डब्लॅट यांनी १९३४ मध्ये कुत्र्याच्या वृक्क-रोहिणीस चिमटा लावून रक्तदाब वाढविल्यावर विषय पुन्हा पुढे आला. पुढे ब्वेनस एअरीझ व इंडियानापोलिस येथे हे हॉर्मोन स्वतंत्रपणे सापडले. एका गटाने त्यास ‘हायपरटेन्सीन’ म्हटले, दुसऱ्याने ‘अँजिओटोनीन’. प्रचलित नाव ही १९५८ मधील तडजोड होय.

औषध मात्र निराळ्या वाटेने आले. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळांचा उच्च रक्तदाबावरील गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधेतील रेसर्पीन तंत्रिकांतील नॉरॲड्रेनॅलिनाचा साठा घटविते, मात्र त्यामुळे काही रुग्णांना खिन्नता येई. अँजिओटेन्सिनाची निर्मितीच रोखणारे कॅप्टोप्रिल ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषावरील संशोधनातून निघाले (सर्पगंधा सर्पदंशावर देत, हा योगायोग लक्षणीय आहे). त्यास अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली. गर्भास अपाय होत असल्याने या वर्गातील औषधे गर्भवतीस देत नाहीत.