चिंचोके, चिप्स आणि त्यावरचं नाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलतानाची काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे पोकर चिप्स. म्हणजे पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी वापरतात त्या गोल चकत्या. मी यंदा आमच्या घरासाठी ३०० चिप्सचा सेट स्वतः डिझाइन करून बनवून घेतला. आई म्हणाली, "इंजिनीअर झाला आणि जुगाराचं सामान बनवतो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता हा भाग तयार झाला.

सुरुवात घरापासून करू. मी नशिराबादचा. जळगावहून भुसावळकडे निघालात की हायवेवर टोलनाका लागतो, तेच गाव. आणि आमच्या खान्देशात दिवाळीच्या तोडीचा सण म्हणजे आखाजी. बाकी महाराष्ट्र त्याला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनं घेतो. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस होतो. आणि पुरुष मंडळी पत्ते कुटतात. पैसे लावून. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही आखाजीला बसतो.

आमच्या घरात मात्र १९८६ नंतर पत्ते आले नाहीत. कारण आप्पा, म्हणजे माझे आजोबा.

त्या वर्षी डाव आप्पांच्या ओट्यावर होता. नोटा उघड्यावर दिसायला नकोत म्हणून चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे १० रुपये. आप्पांनी ३०० चिंचोके मोजून दिले, त्याचे ३००० रुपये डब्यात ठेवले आणि सांगितलं, सकाळी या, वटवून देतो. ते स्वतः खेळले पण नाहीत. सकाळी काही जण आले आणि मिळून २१० चिंचोक्यांचे पैसे घेऊन गेले. डब्यात उरले ९००. मग आणखी एक जण आला. त्याच्या पिशवीत ३४० चिंचोके.

आता हिशोब करा. दिले ३००, परत आले ५५०. चिंचेचं झाड काय, सगळ्यांच्याच मळ्यात आहे! पण सिद्ध कसं करणार? चिंचोक्यावर काही नाव असतं का? आप्पा म्हणाले, ओटा माझा, शब्द माझा. २५०० रुपये कमी पडले. त्यांनी जोडीतला एक बैल विकला आणि सगळे पैसे दिले. त्या साली पेरणीआधीची नांगरट शेजाऱ्याचा बैल मागून झाली.

लहानपणी ही गोष्ट मला "जुगार वाईट" अशी सांगितली गेली. मोठेपणी, रोज कोड लिहायला लागल्यावर, मला त्यात दुसरंच काही दिसलं. आप्पा जुगारात हरलेच नव्हते. आप्पांनी एक चलन काढलं होतं, आणि ते कुणीही छापू शकत होतं.

आणि हाच, मंडळी, चिप्सच्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे. चकती कशाची बनवायची हा प्रश्न नंतरचा. त्याआधी तिच्यामागे कोण उभं आहे, आणि ते तिच्याकडे बघून कळतं का, हे महत्त्वाचं.

अठराव्या शतकात जाऊ. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत संध्याकाळी पत्ते चालायचे आणि हिशोबाला चकत्या लागायच्या. त्यातल्या सगळ्यात देखण्या चकत्या चीनमधून यायच्या, कँटनहून, म्हणजे आजच्या ग्वांगझौहून. शिंपल्याच्या आतला जो चमकणारा थर असतो त्यातून कापलेल्या आणि नाजूक कोरीवकाम केलेल्या. काही गोल, काही चौकोनी, काही चक्क माशाच्या आकाराच्या. जेन ऑस्टिनच्या १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये लिडिया आपण किती मासे जिंकलो, किती हरलो याची बडबड करते, ते हेच मासे.

आणि या चकत्या ऑर्डर देऊन बनवल्या जायच्या. घराण्याचं कुलचिन्ह कागदावर काढायचं, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरच्या कुणाकडे तरी द्यायचं, जहाज कँटनला जाणार, तिथला कारागीर ते चिन्ह शिंपल्यावर कोरणार, आणि माल परतीच्या जहाजाने येणार. डिलिव्हरीला वर्षाच्या वर लागायचं. मुंबईहून कापूस आणि अफू भरलेली जहाजंही त्याच कँटनला जायची. म्हणजे आपला समुद्रही या धंद्यापासून लांब नव्हता.

त्या कारागिराला इंग्रजी येत नव्हतं. तो अक्षर वाचत नव्हता, चित्र म्हणून उतरवत होता. चिनी मातीच्या भांड्यांचे तर किस्सेच सांगतात. गिऱ्हाइकाने नमुन्यावर 'इथे लाल रंग' असं लिहून पाठवलं, आणि तयार ताटावर ते शब्दही इमाने इतबारे रंगवून आले. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे नवीन नाही. डमी मजकूर तसाच लाइव्ह जातो, तसं.

कुलचिन्हात मिरवणं होतंच. पण त्याचा एक आपोआप फायदा होता: या चकत्या या घराच्या. बाहेरची चकती टेबलावर आली तर लगेच ओळखू येणार. आप्पांकडे नेमकं हेच नव्हतं.

नाव असलं की पुढे काय होतं, ते सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये दिसतं. तिथे एकोणिसाव्या शतकात जुगाराचे ठेके दिले जायचे आणि ठेकेदार, बहुतेक चिनी, आपापल्या अड्ड्यासाठी चिनी मातीच्या छोट्या चकत्या बनवून घ्यायचे. त्यावर अड्ड्याचं नाव, किंमत, फुलं, प्राणी. गंमत अशी की बाजारात सुट्टे पैसे कमी होते. मग लोक त्याच चकत्या देऊन भाजी घ्यायला लागले! अड्डा वटवून देतोय ना, मग घ्या. शेवटी १८७०च्या दशकात सरकारला चलन म्हणून त्यांच्यावर बंदी आणावी लागली. नाव आणि विश्वास जमला की जुगाराची चकती गावाचा पैसा होऊन बसते, ती अशी.

अमेरिकेत आधी हाडाच्या आणि हस्तिदंताच्या चकत्या होत्या. १८८०च्या सुमारास माती आणि लाख यांच्या मिश्रणाच्या, साच्यात दाबलेल्या चकत्या आल्या. त्या स्वस्त, म्हणून नकलाही सोप्या. मग कडेला वेगळ्या रंगाचे तुकडे घाल, मधे चित्र बसव, असं सुरू झालं. आज चिपच्या कडेला जे रंगीत ठिपके दिसतात ते शोभेचे नाहीत. चिप्सची चळत लावली की ते एका रेषेत येतात, आणि एखादी परकी चिप लांबूनही उठून दिसते. पांढरी, लाल, निळी अशी किंमतही तेव्हाच रूढ झाली. निळी सगळ्यात महाग, म्हणून शेअर बाजारात 'ब्लू चिप'.

आणि कायदा बघा. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा, म्हणजे लास वेगासचा नियम असा आहे की चिप ही खेळणाऱ्याची मालमत्ता नाहीच. ती कॅसिनोचीच. खेळणाऱ्याच्या हातात असतो तो फक्त कॅसिनो त्याला पैसे देणं लागतो याचा पुरावा. आप्पांनी हा नियम कधी वाचला नव्हता, पण ते नेमके तसेच वागले.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे खेळाचा संच बनवून घेण्याची परंपरा होती, पण पत्त्यांची. गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद आहे. पुढे या खेळाने दशावतार घेतले: १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२० गोल पानं. यात दोन दर्जे असायचे. दरबारासाठी दरबार कलम, सामान्यांसाठी बाजार कलम. आपल्या महाराष्ट्रात हे काम सावंतवाडीत टिकलं. तिथले चितारी कारागीर ते करायचे, आणि ते जवळजवळ बंद पडत आलं तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच ते पुन्हा उभं केलं.

आणि हे वाचताना मी थबकलो. गंजिफाचं पान कसं करतात? कापडाला किंवा कागदाला खळ लावून कडक करतात, त्यावर रंग, त्यावर लाख. ती खळ कशाची? चिंचोक्यांची! म्हणजे आप्पांच्या ओट्यावर ज्याची काहीच ओळख नव्हती, त्याच चिंचोक्यातून सावंतवाडीत राजाचा पत्ता बनत होता. फरक फक्त त्यावर कुणी काय रंगवलं याचा.

आता माझ्याकडे वळतो. हा भाग बोलायला मला जरा जड जातंय.

नोकरी लागल्यावर पुण्यात फ्लॅटवर एकटा असताना मी एका ॲपवर पोकर खेळायचो. ॲपवर खोट्या चिंचोक्यांचा प्रश्न नव्हता, डेटाबेस चोख. सात महिन्यांत ४३ हजार रुपये गेले. आणि सांगतो, गेल्यासारखे वाटलेच नाहीत. स्क्रीनवर चिप सरकते, खट् आवाज येतो, झालं. हातात नोटा असत्या तर पहिल्या पाच हजारालाच उठलो असतो. चिपचं मूळ काम हिशोब सोपा करणं. पण त्याच कामाचं दुसरं टोक हे आहे की पैसा पैशासारखा दिसत नाही. कॅसिनोवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. मला बँकेचं स्टेटमेंट बघून कळलं.

२०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात पैसे लावण्याची व्याख्या करताना नाणी, टोकन, क्रेडिट असं जे काही पैशात बदलता येतं ते सगळं धरलंय. आणि आपल्या मुंबई इलाख्याचा १८८७चा जुगारबंदी कायदा जुगाराच्या साधनांत जुगारासाठी वापरलेली कुठलीही वस्तू धरतो. म्हणजे चिंचोका पण! दोन्ही कायद्यांचा रोख वस्तूवर नाही. ती कशासाठी वापरली, तिच्या बदल्यात पैसे मिळतात का, याच्यावर आहे.

हे डोक्यात बसलं तेव्हा मी सेट डिझाइन करायला घेतला. आखाजीला आम्ही आठ चुलत-मावस भाऊ-बहिणी जमतो. पत्ते घराबाहेर कुठेतरी जाऊन खेळतात, हे मला माहीत होतं. म्हटलं, घरात आणू, पण आप्पांची चूक आणि माझी चूक, दोन्ही टाळून.

आकार नेहमीचा, ३९ मिलिमीटर. साहित्य सिरॅमिक, कारण त्यावर कडेपर्यंत छपाई होते. किंमती चार: १, ५, २५ आणि १००. नग अनुक्रमे १२०, १००, ६० आणि २०. प्रत्येकाला १५ एकच्या, १२ पाचच्या आणि ५ पंचवीसच्या दिल्या की बरोबर २०० होतात. उरलेल्या मधे. चित्रं आमच्याकडची: केळीचं पान, कापसाचं बोंड, घागर आणि शंभरच्या चिपवर झोका. रुपयाचं चिन्ह कुठेही नाही. त्या जागी लिहिलं 'चिंचोके'. एक चिंचोका, पाच चिंचोके. आणि मागे आप्पांचं नाव.

छपाईवाल्याकडून पहिला नमुना आला तेव्हा हसावं की रडावं कळेना. त्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपत नव्हती. वेलांटी एका बाजूला, अनुस्वार दुसरीकडे, मधे ठिपक्यांचं रिकामं गोल. कँटनचा कारागीर आठवला. चूक त्याची नाही, मीच अक्षरं मजकूर म्हणून पाठवली होती. मग अक्षरांचं चित्र करून पाठवलं, तेव्हा बरोबर आलं. एक दुरुस्ती नंतर सुचली: चिप फिरली की १ आणि ९ चा गोंधळ होतो, म्हणून आकड्याखाली एक रेघ दिली.

यंदाच्या आखाजीला पेटी घेऊन गेलो. आप्पा आता ८० च्या पुढे आहेत. ओट्यावर खाटेवर बसले होते. मी चिप हातात दिली. त्यांनी उलटसुलट केली, स्वतःचं नाव वाचलं, कडेवरून बोट फिरवलं.

"अन् हे वटवून कोन देईन?"

"कोणीच नाही आप्पा. याचे पैसे मिळतच नाहीत. खेळ संपला की पेटीत."

त्यांनी परत एकदा चिप बघितली. आई दारात उभी होती, तीही बघत होती. मग आप्पांनी चिप माझ्या हातात ठेवली आणि खाटेवर जरा सरकून जागा केली.

"मंग बस. वाट पत्ते."

तीन पत्ती झाली. आप्पा सगळे २०० चिंचोके हरले आणि शेवटी पेटीत भरताना स्वतः मोजायला बसले. ३०० भरले. त्यांनी दोनदा मोजले.

तर मंडळी, तुमच्या घरी आखाजीला किंवा दिवाळीला काय लावून खेळायचे? काडेपेटीच्या काड्या, कवड्या, चिंचोके? आणि वटवून कोण द्यायचं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.